बर्लिनचं तिकीट आणि ओली खोकी

हेल्का तुर्पेइनेन दुधाचं रिकामं खोकं धुतल्याशिवाय कधी टाकत नसे. धुवायचं, उपडं वाळत घालायचं, कडा उसवून चपटं करायचं, अशी पाच खोकी सहाव्यात दाबून बसवायची आणि मग ते सगळं कार्डबोर्डच्या पेटीत. फिनलंडमधल्या इइसाल्मी गावात असं करणारे पुष्कळ आहेत. पण हेल्का दुसऱ्यांची खोकीही उघडून बघायची. इमारतीच्या कचराघरात कोणी दह्याचा डबा न धुता टाकला, की दुसऱ्या दिवशी भिंतीवर चिठ्ठी झळकायची: ‘दही खाल्लंत, आनंद आहे. आता डबा विसळण्याचे कष्टही घ्यावेत. हे. तु., जिना ब.’ लोक ती वाचून मुकाट्यानं पुढे जायचे आणि हेल्का समोरून आली, की हवेबद्दल बोलायचे. तोंडावर कोणी कोणाला काही बोलायचं नाही, जे काय असेल ते चिठ्ठीत, ही तिथली रीत.

वय अठ्ठावन्न. नवरा सोडून गेला त्याला बावीस वर्षं झाली होती आणि त्याचा तिला विशेष राग नव्हता. तो भांडी बरी घासायचा, एवढं ती अजूनही कबूल करायची. गावाच्या वापरलेल्या वस्तूंच्या केंद्रात ती एकोणीस वर्षं कामाला होती. लोक जुनं सामान आणून देत, त्यातलं बरं असेल ते दुकानात लागे, उरलेलं वेगवेगळ्या पेट्यांत जाई. कुठली वस्तू कुठल्या पेटीत, हे ठरवणारी शेवटची नजर हेल्काची. आत वाळलेली कणीक तशीच असलेलं पाव भाजायचं यंत्र, ओल्या मोज्यांसकट बूट, मेलेल्या सासूच्या कपाटासोबत तिच्या दातांची कवळी, असं काय काय लोक आणून देत आणि वर हसून ‘अजून चांगलं आहे हो’ म्हणत. हेल्काला रोज किळस येई. ‘माणूस कसा आहे ते त्याच्या बैठकीच्या खोलीत कळत नाही,’ ती म्हणायची, ‘त्याच्या टाकायच्या पिशवीत कळतं.’

अशी ही बाई कोरियातल्या सात पोरांच्या नादी लागली, याचं गावाला फार नवल वाटलं. तिलाही वाटलं होतं. पाठीचा मणका सरकून ती सहा आठवडे घरी पडून होती. उठून टीव्ही बंद करायचीही सोय नव्हती, म्हणून जे लागलं होतं ते बघावं लागलं. लागलं होतं ते सेब्योक, या सात पोरांचा गाण्या-नाचण्याचा गट. रंगवलेले केस, रंगवलेले ओठ आणि हातवारे. पहिल्या गाण्याला तिनं नाक मुरडलं. तिसऱ्या गाण्यात सानहो नावाचा पोरगा मंचाच्या कडेला बसून एकटाच गायला. गाणं संपल्यावर त्यानं आपली पाण्याची बाटली उचलली, खाली सांडलेलं पाणी बाहीनं पुसलं आणि मग आत गेला. दुसऱ्या कोणाच्या ते लक्षातही आलं नसेल. हेल्का मात्र उताणी पडल्या पडल्या म्हणाली, ‘हा कोणीतरी बरा वाढवलाय.’ पाठ बरी होईपर्यंत तिला सातही जणांची नावं, त्यांच्या आयांची गावं आणि कोरियन मुळाक्षरं येऊ लागली होती. चौकटीच्या वहीत ती रोज एक पान गिरवायची. आयुष्यात आपल्याला काही हवंसं वाटेल याची आशा तिनं कधीच सोडली होती. आता वाटत होतं आणि त्याची तिला मनातून थोडी भीतीच वाटायची.

गावात सेब्योकच्या आणखी दोन चाहत्या होत्या. रोन्या, वय एकोणतीस, दातांच्या दवाखान्यात मदतनीस. ती दोनदा कोरियात, सोलला जाऊन आली होती, त्यामुळे पुढारीपण आपोआपच तिच्याकडे गेलं होतं. दुसरी वेन्ला, बावीसची, बेकरीत कामाला. ती अर्ध्या तासात एक वाक्य बोलायची आणि तेही कपाला उद्देशून. शनिवारी दुपारी या तिघी ग्रंथालयातली छोटी खोली दोन तासांसाठी मागून घ्यायच्या. वेन्ला वेलदोड्याचे पाव आणायची, हेल्का थर्मासमधून कॉफी आणायची आणि रोन्या आपलं मत आणायची.

जानेवारीत बातमी आली. सेब्योक युरोपात येणार. फिनलंडला अर्थातच नाही. आमच्याकडे कोणी येत नाही, आम्हाला त्याची सवय आहे. सगळ्यात जवळचं म्हणजे बर्लिन, जूनच्या तिसऱ्या शनिवारी. तिकीटविक्रीच्या दिवशी रोन्यानं दवाखान्यातून रजा घेतली, फोन-संगणक अशी तीन यंत्रं समोर मांडून बसली आणि तिन्ही तिकिटं तिच्या फोनवर आली. मंचापासून अकरावी रांग. त्या संध्याकाळी हेल्कानं एकटीनंच सौना, म्हणजे घामाच्या आंघोळीची खोली, तापवला आणि फळीवर बसून मोठ्यानं सानहोचं गाणं म्हटलं. परदेश म्हणजे तिनं आजवर बोटीनं जाऊन पाहिलेलं टालिन, तेही दोन वेळा, तेही पावसात.

तिची बहीण काइसू हिला मात्र हे पटलं नाही.

“जूनमध्ये? ऐन मधल्या उन्हाळ्याच्या सणाला?” काइसू फोनवर म्हणाली. “आम्ही सगळे तळ्यावर असणार आणि तू सात पोरांचं नाचकाम बघायला बर्लिनला?”

“हो.”

“नातवाच्या वयाची आहेत ती, हेल्का.”

“मला नातू नाही.”

“म्हणून असली थेरं?”

“म्हणून वेळ आहे,” हेल्का म्हणाली आणि फोन ठेवला.

मग शनिवारच्या बैठकांना रंग चढला. रोन्यानं तक्ता केला: कुओपिओहून विमान किती वाजता, हेलसिंकीला किती वेळ थांबायचं, खोली कुठे, सभागृहापुढे रांगेत किती वाजता उभं राहायचं, पाणी कधीपासून पिणं बंद करायचं म्हणजे रांग सोडावी लागणार नाही. हेल्कानं बर्लिनच्या बसची वेळापत्रकं छापून प्लास्टिकच्या खिशांत घातली. रोन्या ती बघून हसली. “अगं, हे सगळं फोनमध्ये असतं,” ती म्हणाली. हेल्कानं खिसे परत पिशवीत ठेवले, पण टाकले नाहीत.

मार्चमध्ये रोन्या डोळे चमकवत आली. सेब्योकचा नवा आल्बम येत होता आणि जर्मनीतल्या एका दुकानानं सोडत काढली होती. एक आल्बम घेतला, की सोडतीत एक चिठ्ठी. जिंकेल त्यानं कार्यक्रम संपल्यावर मागच्या दाराशी उभं राहायचं, मग सातही जण समोरून हात हलवत जाणार. दहा-पंधरा सेकंदांचा मामला.

“किती घ्यायचे?” हेल्कानं विचारलं. तिच्या मनात एक होता. फार तर दोन.

“एकशे ऐंशी,” रोन्या म्हणाली. “यापेक्षा कमी घेऊन काही उपयोग नाही. फ्रान्सच्या पोरी चारशे घेतात.”

“एकशे ऐंशी एकाच गाण्यांचे?”

“गाणी काय, ती ऐकता येतात फुकट. आतलं छायाचित्राचं कार्ड घ्यायचं आणि चिठ्ठी भरायची. बाकीचं बाकीचं.” रोन्यानं पावाचा तुकडा मोडला. “सगळे माझ्या एकटीच्या नावावर टाकते. एकाच नावावर जोर लावला की संधी वाढते.”

हेल्काला गणित येत होतं. एकाच नावावर जोर लावल्यानं कोणाची संधी वाढते, ते तिला चांगलं कळत होतं. तिनं थर्मासचं झाकण फिरवून घट्ट केलं. वेन्ला कपाकडे बघत राहिली. तीस आल्बमचे पैसे हेल्कानं भरले आणि घरी जाताना स्वतःला समजावलं, की तिकिटं रोन्यानं मिळवली, तेव्हा एवढं तर चालायचंच.

खोकी हेल्काच्या घरी यायची ठरली. ती तीन वाजता घरी असते, तळघरात तिची जाळीची कोठडी रिकामी आहे आणि पार्सलवाला दारावरचं आडनाव बघूनच सामान सोडतो, म्हणून नावही तिचंच. नऊ मोठी खोकी आली. प्रत्येकावर चिठ्ठी: तुर्पेइनेन, हेल्का.

ती रविवारची दुपार हेल्का पुढे कधी विसरली नाही. तिघी तिच्या बैठकीच्या खोलीत जमिनीवर बसल्या आणि फोडायला सुरुवात झाली. रोन्याची नखं लांब आणि हात सराईत. वरचं प्लास्टिक फर्रकन ओढायचं, आतलं जाडजूड चित्रांचं पुस्तक उलटं धरून झटकायचं, कार्ड पडलं की उचलून बघायचं, आतला क्रमांक फोनमध्ये भरायचा आणि पुस्तक, गाण्यांची तबकडी, भित्तिचित्र सगळं मागे भिरकावायचं. “परत सानहो. किती हा सानहो, वीट आला याचा,” ती म्हणायची. मागे ढीग वाढत गेला. पुस्तकात सानहोच्या लहानपणाच्या घराचं चित्र होतं, त्याच्या हस्ताक्षरात चार ओळी होत्या. हेल्कानं त्या अक्षर अक्षर लावून वाचल्या. ‘तुम्ही हे हातात घ्याल तेव्हा मी तुमच्याजवळ असेन,’ असं काहीसं होतं. त्याच पानावर रोन्याचा पाय होता.

 एकोणीस वर्षांत हेल्कानं लोकांची घाण पाहिली होती, पण ती निदान वापरून झालेली घाण होती. इथे नवीकोरी वस्तू कारखान्यातून निघून हजारो मैल प्रवास करून आली होती ती कचरा व्हायलाच. आणि गाणी करणाऱ्यांनीच ती अशी छापली होती, विकणाऱ्यांनीच सोडतीचा गळ लावला होता. त्या सात पोरांना हे माहीत असेल का, असा प्रश्न तिच्या मनात आला. माहीत नसेल कसं, असं उत्तरही आलं, आणि तिनं ते तिथल्या तिथे गाडून टाकलं.

“उरलेल्याचं काय करायचं?” तिनं विचारलं.

रोन्यानं मान वर न करता उत्तर दिलं. “तू आहेस ना.”

एवढंच. ‘तू आहेस ना.’ आपल्याला या पोरींनी सोबत का घेतलं होतं याचा हेल्काला त्या क्षणी लख्ख उलगडा झाला. ती उठली आणि कॉफी करायला गेली. स्वयंपाकघरातून तिला प्लास्टिकची फरफर ऐकू येत राहिली.

तिनं ठरवलं की हे नीट करायचं. काही आल्बम तरुणांच्या केंद्राला, काही ग्रंथालयाला, काही शाळांना. उरतील त्यांचं प्लास्टिक वेगळं, पुठ्ठा वेगळा, तबकड्या जाळायच्या कचऱ्यात. महिनाभर तरी लागला असता. पण जिन्यात सूचना लागली: मंगळवारी आगीच्या बंदोबस्ताची तपासणी, तळघरातली वाट मोकळी ठेवावी. फोडलेली खोकी कोठडीत मावत नव्हती, चार बाहेर होती. हेल्कानं हे ग्रंथालयात सांगितलं, तेव्हा रोन्या लगेच म्हणाली, “टेन्शन घेऊ नकोस गं. रविवारी बाबांची गाडी आणि मागची ट्रॉली आणते. सगळं घेऊन जाते.”

“कुठे नेशील?”

“बघते ना मी.”

हेल्काला बरं वाटलं. कोणीतरी आपलं ओझं उचलतंय, हे तिला इतकं नवीन होतं, की तिनं पुढे विचारलंच नाही. रविवारी दोघींनी मिळून नऊच्या नऊ खोकी ट्रॉलीत चढवली आणि हेल्कानं रोन्याला निघताना राय धान्याची भाकरी आणि मासा बांधून दिला.

सोमवारी सकाळी ओला बर्फ पडत होता, धड पाऊस नाही, धड बर्फ नाही, एप्रिलमधला. हेल्का सात वाजता केंद्रावर पोचली तेव्हा कुलूपबंद फाटकाबाहेर नऊ खोकी होती. तीन फुटली होती. आल्बम चिखलात पसरले होते, पानं भिजून फुगली होती, आणि सानहो साठ-सत्तर वेळा आभाळाकडे बघत पडला होता, डोळ्यांत चिखल घेऊन.

आता हे सांगायलाच हवं, की केंद्र बंद असताना फाटकाबाहेर सामान टाकून पळणं याहून नीच काम आमच्या गावात नाही. दारू पिऊन गाडी चालवली तर लोक माफ करतात. बायकोला सोडलं तरी सहा महिन्यांत विसरतात. फाटकावर टाकणाऱ्याचं नाव मात्र मुलांना सांगतात. हेल्कानं स्वतः त्या फाटकावर पाटी लावली होती: ‘हा उकिरडा नाही. ज्यांना वाचता येतं त्यांच्यासाठी.’

केंद्राचा प्रमुख योउको तिच्या आधी येऊन उभा होता. पन्नाशीचा, लोकरीची टोपी कानांवर ओढलेला, फार थोडं बोलणारा. त्यानं बुटाच्या टोकानं एक खोकं फिरवलं.

“तुझं नाव आहे,” तो म्हणाला.

हेल्कानं पाहिलं. तुर्पेइनेन, हेल्का. नऊ वेळा.

“मी नाही टाकली,” ती म्हणाली.

“तू टाकलीस असं मला पण वाटत नाही. मग कोणी?”

हेल्काच्या जिभेवर नाव होतं. ती म्हणाली, “बघून सांगते.”

दुपारी तिनं दवाखान्यात फोन लावला. मागे दात कोरायच्या यंत्राचा आवाज येत होता.

“रोन्या, फाटकावर टाकलीस तू खोकी?”

“मग काय करणार? बंद होतं ना.”

“रविवारी बंदच असतं. माझं नाव आहे त्याच्यावर.”

“हो की.” रोन्या खरोखरच हसली. “अगं मग बरंच झालं. तू तिथलीच आहेस, तुला कोण काय बोलणार? सांग, मीच ठेवली, आत घ्यायला विसरले. विषय संपला.”

“मी असं का सांगू?”

 मग रोन्याचा आवाज अगदी गोड झाला, पेशंटला आ कर म्हणतात तसा. “हेल्का, माझं नाव बाहेर आलं तर बाबांची गाडी, ट्रॉली, सगळं निघेल. दवाखान्यात पण कळेल. मग मला बर्लिनबिर्लिन काही सुचणार नाही बघ. आणि तिकिटं तर तिन्ही माझ्याच फोनवर आहेत. असंच आठवलं म्हणून सांगितलं. आणि हो, सोडत लागली. माझा नंबर आलाय.”

हेल्कानं फोन खाली ठेवला.  गोड आवाजाची किळस तिला आधीपासून होती, पण ही वेगळी होती. त्या पोरीनं तिच्या आत हात घालून नेमकं ते चाचपून पाहिलं होतं, जे हेल्कानं कोणालाच दाखवलं नव्हतं: की तिला तिथे जायचंच आहे. अकराव्या रांगेत. इतकं जायचंय, की त्यासाठी ती काय काय करेल हे तिचं तिलाच माहीत नव्हतं.

ती रात्रभर तळमळली वगैरे काही नाही. तिला गाढ झोप लागली आणि याचीही तिला सकाळी लाज वाटली.

मंगळवारी योउकोनं तिला ऑफिसात बोलावलं. टेबलावर एक छापील कागद होता, लेखी ताकीद, फक्त नाव आणि तारीख भरायची बाकी. आमच्याकडे ओरडत नाहीत, फॉर्म भरतात.

“नगरपालिकेतून फोन आला होता,” तो म्हणाला. “कोणीतरी फोटो काढून पाठवलाय. नाव दिसतंय त्यात. मला काहीतरी लिहावं लागणार.”

“मीच ठेवली,” हेल्का म्हणाली.

योउकोनं टोपी काढली, टेबलावर ठेवली आणि परत घातली. “तू.”

“घरी जागा नव्हती. तपासणी होती. आत घ्यायला विसरले.”

“रविवारी. तुझ्याकडे तर गाडी पण नाही.”

“मैत्रिणीची आणली.”

“कुठली मैत्रीण?”

हेल्कानं खिडकीतून बाहेर पाहिलं. अंगणात खोकी अजून तशीच होती, वर ताडपत्री घातलेली.

“हे बघ,” योउको म्हणाला, “एकोणीस वर्षांत तू माझ्या लग्नाच्या लोकरी गालिच्याला सुद्धा चुकीच्या पेटीत जाऊ दिलं नाहीस. घटस्फोट झाला होता माझा, मी रडत होतो, आणि तू म्हणालीस, लोकर वेगळी काढ. मला ही गोष्ट खरी वाटत नाही. नऊला कॉफी आहे. नऊपर्यंत मी हा कागद भरत नाही. तेवढ्यात काही आठवलं तर सांग.”

नऊला सगळे कॉफीला बसले. योउको तिच्या समोरच बसला. त्यानं दोनदा तिच्याकडे पाहिलं, एकदा भांड्यातली साखर तिच्याकडे सरकवली, जी ती कधीच घेत नव्हती. हेल्कानं पाव कॉफीत बुडवून खाल्ला, कप विसळला आणि पालथा घातला. चोर सोडून संन्याशाला फाशी असं आपण म्हणतो, पण इथे संन्यासीणच दोर घेऊन आली होती आणि गळ्यात नीट बसतोय का ते बघत होती. सव्वानऊला योउको उठला, ऑफिसात गेला आणि कागद भरून घेऊन आला. तिनं सही केली. त्यानं तिच्या सहीकडे पाहिलं नाही.

“आवरशील ना ते बाहेरचं?” एवढंच तो म्हणाला.

ते आवरायला तिला दोन दिवस लागले. हातमोजे घालून एकेक फुगलेलं पुस्तक सोलायचं. वरचं आवरण प्लास्टिकचं, ते वेगळं. पुठ्ठा भिजून लगदा झालेला, तो जाळायच्या पेटीत. तबकडी जाळायच्या पेटीत. पानं एकमेकांना चिकटलेली, त्यातून सानहोचा अर्धा चेहरा एका पानावर आणि अर्धा दुसऱ्यावर निघायचा. दुकानात येणारी माणसं थांबून बघायची. शाळेच्या मुख्याध्यापिका आल्या, फाटकावरची पाटी वाचली, हेल्काकडे पाहिलं आणि हवेबद्दल बोलल्या. इमारतीत कोणीतरी कचराघराच्या भिंतीवर चिठ्ठी लावली होती. तिच्यावर नुसता एक बाण होता, जिना ब कडे. पहिल्या दिवशी हेल्काला रडू आलं. दुसऱ्या दिवशी नाही आलं. दुसऱ्या दिवशी दुपारी तिच्या लक्षात आलं, की आपण चेहऱ्यांकडे न बघताच पानं टाकतोय, हाताला आता सवय झालीये.

तरी त्या संध्याकाळी तिनं पुन्हा सेब्योक लावलं. सानहो गायला. तोच आवाज, तसाच. तिनं मनापासून वाट पाहिली, की आता याचीही शिसारी येईल आणि सुटका होईल. नाही आली. ते गाणं अजून तितकंच सुंदर होतं आणि हेच सगळ्यात ओंगळ होतं.

शनिवारी ग्रंथालयात रोन्यानं तिला दारातच मिठी मारली. आमच्याकडे कोणी कोणाला मिठी मारत नाही, त्यामुळे हात कुठे ठेवायचे तेच हेल्काला कळलं नाही. “तू म्हणजे ना, सोनं आहेस,” रोन्या म्हणाली आणि तिथल्या तिथे हेल्काच्या फोनवर तिचं तिकीट पाठवलं. अकरावी रांग, चौदावी खुर्ची. हेल्कानं ते तीनदा उघडून पाहिलं.

मग रोन्यानं तक्ता उघडला. विमानाचं झालं, खोलीचं झालं. वेन्लानं पाव वाढले. तिनं आजवर खोक्यांबद्दल एक अक्षरही विचारलं नव्हतं, पण गाव लहान आहे, तिला सगळं कळलं होतं. ती पावाच्या तुकड्याशी खेळत म्हणाली, “तू खरंच सही केलीस, हेल्का?”

“केली.”

“का?”

“झालं ते झालं ना आता,” रोन्या मध्येच म्हणाली. “बरं ऐका, ऑक्टोबरमध्ये पुढचा आल्बम येतोय. परत कुठल्यातरी भेटीची सोडत असणार. या वेळी अडीचशे तरी घेऊ, म्हणजे दोन नंबर लागतील. माझा आणि हेल्काचा. तिला मिळायलाच हवं यंदा. फक्त ते टाकायचं कुठे, तेवढं बघावं लागेल.”

 वेन्लानं आशेनं हेल्काकडे पाहिलं. सगळ्या गावाला दह्याच्या डब्यावरून वठणीवर आणणारी बाई आता काय बोलेल, ते तिला ऐकायचं होतं. त्यासाठीच ती कदाचित आज आली होती.

हेल्कानं कप खाली ठेवला.

“गुरुवारी आणायचे,” ती म्हणाली. “गुरुवारी योउको चारला जातो. बाजूच्या फाटकाची किल्ली माझ्याकडे असते. आत छपराखाली लावायचे, म्हणजे भिजत नाहीत आणि रस्त्यावरून दिसत नाहीत. आणि खोक्यांवरच्या चिठ्ठ्या आधी फाडून टाक, रोन्या. नाव वाचता येतं.”

रोन्यानं टाळी वाजवली आणि तक्त्यात लिहून घेतलं. वेन्लानं आपली खुर्ची हळूच मागे घेतली. तिनं रोन्याकडे पाहिलं नाही, रोन्याकडून तिला कसलीच अपेक्षा नव्हती. तिनं हेल्काकडे पाहिलं, वरपासून खालपर्यंत, ओठ मुडपून, पिशवीत हात घातल्यावर बोटांना काहीतरी ओलं लागावं तशी. मग तिनं उरलेले पाव कागदात गुंडाळले, कोट घातला आणि मला बर्लिनला यायचं नाही असं कपाला नव्हे, त्या दोघींना सांगून ती निघून गेली.

“गेली तर गेली,” रोन्या म्हणाली. “तिचं तिकीट विकता येईल.”

हेल्कानं दाराकडे पाहिलं. वेन्लाचं काहीच चुकलं नव्हतं हे तिला कळत होतं. मग तिनं वही उघडली आणि हेलसिंकीला विमान बदलताना किती वेळ मिळेल ते विचारलं.